कुंभाराचा बाप

चाळीस वर्षं मी भाषांतराचं काम केलं. कन्नडमधून मराठीत आणि मराठीतून कन्नडमध्ये आवडीनं, इंग्रजीतून दोन्हींत पोटासाठी. चुका पुष्कळ झाल्या. काही वाचकांनी पत्रं लिहून दाखवून दिल्या, काही पुढच्या आवृत्तीत सुधारल्या, काही तशाच राहिल्या. त्यांतल्या एकीनंही माझी झोप उडवली नव्हती. गेल्या वर्षी जूनमध्ये मात्र मी एका शब्दाचं भाषांतर चुकवलं, आणि ती चूक अजून माझ्या घरात वावरते आहे. शब्द साधा होता : जेनेटिक.

माझी थोरली बहीण निपाणीला असते. आम्ही तिला अक्का म्हणतो. तिच्या मुलाची मुलगी, वय वर्षं पाच. मे महिन्यात तिचा डावा डोळा आत वळायला लागला. टीव्ही फार जवळून बघते म्हणून असेल, असं घरच्यांना वाटलं. मग चालताना तोल जायला लागला, पाणी पिताना ठसका लागायला लागला. बेळगावात एमआरआय झाला आणि तिथल्या डॉक्टरांनी बेंगळूर गाठायला सांगितलं. भाचा, त्याची बायको, अक्का आणि पोरगी अशी चौघं माझ्याकडे बसवनगुडीला आली. वरची खोली रिकामीच होती.

बसवनगुडीत मराठी माणसाला अगदीच परकं वाटत नाही. बुल टेम्पल रोडवर डी. व्ही. गुंडप्पांनी १९४५ साली काढलेल्या संस्थेला गोपाळ कृष्ण गोखल्यांचं नाव आहे, आणि घरी आलेल्या प्रत्येक मराठी पाहुण्याला ती पाटी दाखवायची माझी खोड आहे. त्या चौघांनाही दाखवली. अक्कानं पाटीकडे पाहिलं आणि विचारलं, “दवाखाना इथनं किती लांब आहे?”

गाठ मेंदूच्या देठात होती, पॉन्स म्हणतात त्या भागात. श्वास, गिळणं, डोळ्यांची हालचाल हे सगळं जिथून चालतं तिथं. अशी गाठ कापून काढता येत नाही, कारण ती वेगळी अशी नसतेच. पिठात पाणी मुरावं तशी ती निरोगी पेशींत मुरलेली असते. डॉक्टरांनी सुईनं अगदी छोटा तुकडा काढला. पंधरा दिवसांनी इंग्रजीतला दोन पानी अहवाल आला. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती सगळे बसले आणि मी तो वाचून मराठीत सांगायला लागलो. आजाराचं नाव डिफ्यूज मिडलाइन ग्लायोमा. खाली जेनेटिक बदलांची यादी. मी वाचता वाचता म्हणालो, “आजार आनुवंशिक आहे.”

अक्का म्हणाली, “म्हंजे घराण्यातनं आलेला?”

माझं लक्ष पुढच्या ओळीत होतं. मी म्हणालो, “शब्दाचा अर्थ तोच.”

“आमच्यात कुणाला नव्हतं हे,” अक्का म्हणाली आणि तिनं सुनेकडे पाहिलं.

एवढंच घडलं. कुणी भांडलं नाही. सूनबाई उठून भांडी घासायला लागली. रात्री मी पाणी प्यायला उठलो तेव्हा ती जिन्यावर बसलेली दिसली. तिच्या एका मामाला फिट येत असत, एक चुलतभाऊ लहानपणीच गेला होता. ती माहेरची माणसं एकेक करून मोजत होती. “मामा, त्यातनंच आलं असंल नव्हं?” तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना गाठलं. त्यांनी शांतपणे समजावलं, आणि माझी चूक किती मोठी आहे ते मला कळलं. जेनेटिक म्हणजे जनुकांशी संबंधित, जनुकीय. आनुवंशिक म्हणजे आईबापांकडून आलेलं. कर्करोग कुठलाही असो, तो जनुकीय असतो, कारण पेशीची वाढ कशी व्हावी हे जनुकं ठरवतात आणि ती बिघडल्याशिवाय पेशी अशी बेफाम होत नाही. पण आनुवंशिक कर्करोग त्यांतले थोडेच. हा त्यांतला नव्हता. मराठीत ह्या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, आणि मी नेमका चुकीचा उचलला होता.

काय बिघडलं होतं, ते जमेल तसं सांगतो. माणसाच्या प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनएचा धागा असतो. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. या रिळांना बाहेर डोकावणारी शेपटं असतात आणि शेपटांवर रासायनिक खुणा. कुठला भाग उघडा ठेवायचा आणि कुठला मिटून ठेवायचा, हे त्या खुणांवरून ठरतं. मेंदूची पेशी आणि यकृताची पेशी यांच्यातला धागा एकच, फरक उघड्या आणि मिटल्या पानांचा. एच३ नावाच्या हिस्टोनच्या शेपटावर २७व्या जागी लायसिन नावाचं अमिनो आम्ल असतं. त्यावर ‘हे पान मिटलेलं राहू दे’ अशी खूण करण्याचं काम पीआरसी२ नावाचा प्रथिनांचा एक गट करतो. आमच्या पोरीच्या मेंदूत एका पेशीतल्या एका जनुकात एक अक्षर बदललं होतं. एएजी असायला हवं होतं, तिथं एटीजी झालं. त्यामुळे २७व्या जागी लायसिनऐवजी मेथिओनिन आलं. या बदलाला एच३ के२७एम म्हणतात.

यातली विलक्षण गोष्ट पुढेच आहे. हिस्टोन एच३ बनवणारी जनुकं डझनाहून जास्त आहेत. बिघडली ती त्यांतल्या एकाची एक प्रत. म्हणजे पेशीतला बहुतेक हिस्टोन चांगलाच असतो. पण थोडासा बिघडलेला हिस्टोन पीआरसी२चं काम सगळीकडेच अडवतो, आणि चांगल्या रिळांवरच्या खुणाही पुसल्या जातात. मिटलेली राहायला हवी होती ती पानं उघडतात. पेशी मोठी होऊन आपल्या कामाला लागायची, ती बाल्यावस्थेतच अडकते आणि नुसती वाढत राहते. पुढे टीपी५३ किंवा पीडीजीएफआरएसारख्या जनुकांतले बिघाड तिला साथ देतात. हे सगळं मेंदू घडत असतानाच्या काळात, कुठल्याशा एका पेशीत सुरू होतं. आईच्या बीजात ते नसतं, बापाच्याही नसतं.

मी घरी येऊन चौघांना हे सांगितलं. शब्द चुकला, चूक माझी, हेही सांगितलं. अक्कानं मान हलवली. पण छापील पुस्तकाला दुरुस्तीपत्र जोडता येतं, घराला जोडता येत नाही. एकदा बोललेलं वाक्य खोडून टाकलं तरी खोडलेल्या ओळीखालून वाचता येतं.

शिवाय मी आनुवंशिकतेचं दार बंद केलं तेव्हा दुसरी दारं उघडली. पुढच्या काही दिवसांत प्रत्येकानं मला एकेकटं गाठून एकेक गोष्ट सांगितली. सूनबाई म्हणाली, २६ डिसेंबर २०१९ला सूर्यग्रहण होतं, तेव्हा मी पोटुशी होते आणि ग्रहणात भाजी चिरली. सासूबाई नको म्हणत होत्या. भाचा म्हणाला, मी तिला इंग्रजी स्पेलिंग येत नाही म्हणून रागवायचो, एकदा हातही उचलला. अक्का म्हणाली, जोतिबाला बोललेला नवस फेडायचा राहिला. तिघांनीही मला बजावलं की बाकीच्या दोघांना सांगू नका. एका छपराखाली तीन माणसं तीन वेगवेगळ्या गुन्ह्यांची कबुली घेऊन वावरत होती, आणि गाठ मात्र एकच होती.

मला सुरुवातीला हे अज्ञान वाटलं. पण भाचा पदवीधर आहे, सूनबाई बारावी विज्ञान शिकलेली. एच३ के२७एम म्हणजे काय ते दोघांनाही चांगलं कळलं होतं. ते कळूनही प्रश्न शिल्लक राहत होता, कारण ते वेगळंच काही विचारत होते. ‘हे कशामुळे झालं?’ या मराठी वाक्यात दोन प्रश्न दडलेले आहेत. एक कारण विचारतो, दुसरा दोष. विज्ञानानं पहिल्याचं उत्तर अक्षराच्या पातळीपर्यंत नेलं आहे. दुसऱ्याबद्दल ते गप्प आहे, आणि माणसाला ती शांतता सहन होत नाही. दोष आपला निघाला तरी चालेल, पण जगात काही हिशेब आहे असं निघावं. भाजी चिरल्यानं मूल आजारी पडत असेल तर निदान दुसऱ्या वेळी न चिरण्याचा उपाय तरी हातात राहतो. अक्षर उगीचच बदललं असेल, तर हातात काहीच राहत नाही.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी मी गांधी बाजारामागे राहणाऱ्या एका वृद्ध शास्त्रींकडे संध्याकाळी न्यायशास्त्र वाचायला जात असे. ते आता नाहीत. विश्वनाथ पंचाननांची ‘सिद्धान्तमुक्तावली’ आम्ही सावकाश वाचत होतो. कारण कशाला म्हणावं, या प्रकरणात नैयायिक एक फार उपयोगी गोष्ट करतात : कारण कशाला म्हणू नये, हे सांगतात. कार्याच्या आधी एखादी गोष्ट होती, एवढ्यानं ती कारण ठरत नाही. अशा, आधी असूनही कारण नसलेल्या गोष्टींना ते ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. उदाहरण घड्याचं. माती, चाक, दांडा, कुंभार ही घड्याची कारणं. दांड्यात दांडेपण असतं, दांड्याला रंग असतो, पण घडा त्यांनी होत नाही. आकाश आधीपासून होतंच, तेही कारण नाही. माती वाहून आणणारं गाढव होतं, पण माती गाडीतूनही आली असती. आणि उरला कुंभाराचा बाप. तो नसता तर कुंभार नसता, कुंभार नसता तर घडा नसता. तरीही बाप घड्याचं कारण नाही. तो कुंभाराचं कारण आहे, आणि त्याचं काम तिथं संपतं.

त्या वेळी मला ही सगळी चर्चा जरा गमतीची वाटली होती. गेल्या वर्षी जिन्यावर बसलेल्या सूनबाईला पाहिलं आणि ती आठवली. ग्रहण, चिरलेली भाजी, स्पेलिंग, नवस ही सगळी गाढवं. ती त्या वाटेनं गेली होती, एवढंच. आणि आईबाप म्हणजे कुंभाराचा बाप.

पण शास्त्रींशी प्रामाणिक राहायचं तर पुढचंही सांगायला हवं. नैयायिक अदृष्ट मानतात. अदृष्ट म्हणजे पूर्वकर्माचं शिल्लक राहिलेलं फळ, आणि ते प्रत्येक कार्याचं कारण असतं असं त्यांचं मत. मी तेव्हा शास्त्रींना विचारलं होतं, मग इतका काथ्याकूट कशाला, सगळं कर्मावरच का सोडत नाही? ते म्हणाले, अदृष्ट हे साधारण कारण आहे, म्हणजे सगळ्याच कार्यांना सारखं लागू. घडा झाला त्यालाही आणि घडा फुटला त्यालाही. म्हणून हाच घडा का, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. त्यासाठी असाधारण कारणच शोधावं लागतं. कर्मावर श्रद्धा असलेला माणूस हे सांगत होता.

बौद्ध वाङ्मयातही असाच एक संवाद आहे. संयुत्तनिकायात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही जण म्हणतात, ते खरं का? बुद्ध आठ कारणं मोजतो : पित्त, कफ, वात, तिन्हींचा एकत्र बिघाड, ऋतुबदल, विषम वागणं, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक. आठांतलं एक कर्म. बाकीच्यांना वगळून सगळं एकावर ढकलणारे आपल्या अनुभवाच्याही पलीकडे जातात आणि जगानं खरं मानलेल्याच्याही, असं तो सांगतो. म्हणजे ज्या परंपरांच्या नावानं आपण आजारी माणसाच्या मागच्या जन्माची झडती घेतो, त्यांच्याच मोठ्या विचारवंतांनी इतकी घाई केलेली नाही.

घाई मात्र फार मोठी माणसंही करतात. १५ जानेवारी १९३४ला बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वरानं दिलेली शिक्षा आहे, असं गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथ ठाकूर अस्पृश्यतेचे तितकेच विरोधक, पण त्यांनी जाहीरपणे हरकत घेतली. निसर्गातल्या घटनेला नैतिक अर्थ चिकटवणं त्यांना मान्य नव्हतं, आणि गांधीजींनी त्यांचं म्हणणं ‘हरिजन’मध्ये छापलं. अस्पृश्यता पाप आहे याबद्दल दोघांचं दुमत नव्हतं. पण ढिगाऱ्याखाली मेलेली पोरं त्या पापाची धनी कशी, हा प्रश्न रवींद्रनाथांच्या बाजूनं उभा राहतो आणि त्याला मला आजवर उत्तर सापडलेलं नाही.

इथपर्यंत मी स्वतःवर खूश होतो. शब्द दुरुस्त केला होता, न्यायशास्त्र सांगितलं होतं, सूनबाईला निर्दोष ठरवलं होतं. मग एक गोष्ट घडली आणि माझ्या युक्तिवादातली पोकळी मला दिसली.

गाठीच्या तुकड्यात टीपी५३ जनुकातही बिघाड सापडला होता. अशा गाठींत तो पुष्कळदा आढळतो, आणि बहुधा तो गाठीपुरताच असतो. पण क्वचित एखाद्या कुटुंबात टीपी५३चा बिघाड जन्मापासून शरीरातल्या सगळ्या पेशींत असतो, आणि मग तो खरोखरच पिढ्यांतून येतो. त्याला ली-फ्राउमेनी सिंड्रोम म्हणतात. डॉक्टर म्हणाले, खात्रीसाठी पोरीचं रक्त तपासून घेऊ. निकालाला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत आमच्या घरात जनुकीय आणि आनुवंशिक हे दोन शब्द पुन्हा एकमेकांजवळ सरकले. सूनबाई जेवायची बंद झाली नाही, पण सगळ्यांच्या नंतर, उभ्यानं जेवायला लागली.

निकाल आला. रक्त स्वच्छ होतं. मी अक्षरशः जिना धावत चढून गेलो आणि ओरडलो, “नाही! तुमच्याकडून काही आलेलं नाही!” सूनबाई रडली. अक्कानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. भाचा खाली जाऊन जिलबी घेऊन आला. मूल मरणार हे ठाऊक असलेल्या घरात आम्ही जिलबी खाल्ली.

रात्री मला लाज वाटली. रक्तात बिघाड सापडला असता तर? तर ती दोषी ठरली असती का? तिनं तो बिघाड निवडला नव्हता. तो असल्याचं तिला ठाऊकही नसतं. तिलाही तो कुणाकडून तरी मिळाला असता, त्यालाही आणखी कुणाकडून. नैयायिकांची फूटपट्टी इथंही लागू पडते : ज्या आईकडून जनुक येतं तिचा त्या जनुकाशी कार्यकारणसंबंध असेल, पण दोषाशी तिचा संबंध नाही. मी धावत जिना चढलो तेव्हा मी हे विसरलो होतो. मी तिला निर्दोष सोडवून आणलं खरं, पण ज्या न्यायालयाला हा खटला चालवायचा अधिकारच नव्हता त्या न्यायालयातून. माझ्या आनंदानं त्या न्यायालयाला मान्यता दिली. उद्या निपाणीतल्याच दुसऱ्या एखाद्या घरात अशा तपासणीचा निकाल उलटा आला, तर तिथली सून माझ्या युक्तिवादानं वाचत नाही. उलट बुडते.

‘आनुवंशिक नाही’ हे मी तिच्या बचावाचं पहिलं वाक्य केलं, ही माझी दुसरी चूक, आणि ती पहिलीपेक्षा मोठी. पहिली चूक शब्दकोशातली होती. आधी सांगायला हवं होतं ते हे, की आनुवंशिक असतं तरीही तुझा दोष नव्हता.

जनुक आणि नशीब ही एकच गोष्ट नाही, याचं एक उदाहरण मला पुढे वाचताना सापडलं. अशाच काही गाठींत एसीव्हीआर१ नावाच्या जनुकात बदल असतो. तेच जनुक, काही वेळा तर नेमका तोच अक्षरबदल, जन्मापासून सगळ्या शरीरात असेल तर एक अगदी निराळा दुर्मीळ आजार होतो. त्यात स्नायूंच्या जागी हळूहळू हाड बनत जातं. पण त्या माणसांना मेंदूची ही गाठ होताना दिसत नाही. एकच अक्षर कुठल्या पेशीत, कुठल्या वेळी बदललं, यावर सगळं अवलंबून. अशा गोष्टीत पाप शोधायचं तर कुठल्या पेशीत शोधायचं?

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं, की या जातीच्या गाठींच्या पेशी शेजारच्या निरोगी चेतापेशींशी जोडण्या करतात आणि त्यांच्या कामकाजातून वाढीचे संकेत उचलतात. मेंदूची नेहमीची हालचालच गाठीला खतपाणी घालते. हे वाचलं आणि मला भाच्याची स्पेलिंगं आठवली. यात त्याचा काही संबंध नाही. शिकणाऱ्या मेंदूत जगातली सगळी मुलं राहतात, आणि मुलाला शिकवणं हा गुन्हा नव्हे. पण त्याच्या कानांची त्या वेळची अवस्था अशी होती, की आत गेलेलं प्रत्येक कारण दोष होऊनच आत बसत होतं. मी पान मिटलं. सत्य लपवलं असं कुणी म्हणेल. भाषांतरकार म्हणून मीही तसंच म्हणेन. मामा म्हणून मला पश्चात्ताप होत नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, एवढंच मी आता म्हणू शकतो.

किरणोपचार सहा आठवडे चालले. पोरीच्या चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा केला होता. तो लावून ती न हलता पडायची. या आजारात किरणोपचारानं बहुतेकांना काही महिने बरं वाटतं. तिलाही वाटलं. डोळा बराचसा सरळ झाला, चालणं सुधारलं. एका सकाळी मी तिला घेऊन दोड्ड बसवण्णाच्या देवळात गेलो, ज्याच्यावरून आमच्या भागाला बसवनगुडी म्हणतात. एकाच दगडातला तो प्रचंड नंदी पाहून ती हरखली. मी तिला गोष्ट सांगायला लागलो. पूर्वी इथं शेंगांची शेतं होती. एक बैल रोज येऊन पीक खायचा. एका शेतकऱ्यानं रागानं त्याला सोटा मारला आणि बैल दगड होऊन बसला. शेतकऱ्यांना वाईट वाटलं, त्यांनी देऊळ बांधलं, आणि म्हणून अजून कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी इथं शेंगांची जत्रा भरते. पुढे तो दगडी बैल वाढायलाच लागला. रोज थोडा, रोज थोडा. लोक घाबरले. मग शंकराच्या सांगण्यावरून त्यांनी त्याच्या डोक्यावर...

इथं मला कळलं की मी काय सांगतो आहे. मी थांबलो.

“डोक्यावर काय?” तिनं विचारलं.

“त्रिशूळ रोवला. मग तो वाढायचा थांबला.”

तिनं वर बघितलं. “दुखलं असंल,” ती म्हणाली. नंदीला कुणाचं पाप भोवलं, हे तिनं विचारलं नाही. मोठ्या माणसांपैकी कुणाला जे पहिल्यांदा सुचायला हवं होतं, ते तिला सुचलं.

नील आर्मस्ट्राँगची मुलगी याच आजारानं जानेवारी १९६२मध्ये गेली, वयाच्या तिसऱ्या वर्षी. तिलाही किरणोपचारच दिले होते. तिचा बाप चंद्रावर जाऊन आला त्यालाही आता अर्धशतकाहून जास्त काळ लोटला, आणि आमच्या पोरीला मिळालेला मुख्य उपचार तोच होता. एवढ्या वर्षांत काहीच का हललं नाही? एक कारण असं, की या गाठीचा तुकडाच कुणाच्या हाती लागत नसे. देठाला सुई लावणं धोक्याचं, आणि रोग्याला त्याचा फायदा नाही, म्हणून डॉक्टर एमआरआयवरूनच निदान करत. ती कोंडी फोडण्यात मोठा वाटा मुलं गमावलेल्या आईबापांचा आहे. त्यांनी मृत्यूनंतर मुलांच्या मेंदूतल्या ऊती संशोधनासाठी दिल्या. अशा ऊतींतून प्रयोगशाळेत पेशी वाढवता आल्या. २०१२ साली एच३ के२७एमचा शोध लागला, त्यातही अशा दानाचा भाग होता. ऑगस्ट २०२५मध्ये, आमचे किरणोपचार संपत असताना, हा बदल असलेल्या गाठींसाठीच्या पहिल्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते थोड्याच रुग्णांत गाठ आकसवतं. आमच्यापर्यंत ते पोचलं नाही.

‘तुझ्या बीजात दोष नव्हता’ हे मी सूनबाईला ज्या आधारावर सांगू शकलो, तो आधार त्या अनोळखी आईबापांनी दिलेला आहे. त्यांचाही काही दोष नव्हता. त्यांनी दोष नसताना जबाबदारी घेतली. आपल्याकडे या दोन गोष्टी इतक्या एकत्र बांधलेल्या असतात की दोष नाही म्हटलं की माणूस हात झटकतो, आणि जबाबदारी घे म्हटलं की त्याला वाटतं आपल्यावर आरोप आहे. आमच्या बसवनगुडीपासून फार लांब नाही अशा निम्हान्समध्ये १९९५पासून मेंदूपेढी आहे. भाच्याजवळ हा विषय काढायचं माझ्या दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा धीर झाला नाही. त्याचं दुःख मी वाढवलं नाही असं म्हणून मी स्वतःची समजूत घालतो, पण निवड त्याची होती, आणि त्याला विचारलंच नाही तर ती मीच करून टाकली. हा खटला मात्र योग्य न्यायालयात आहे, आणि त्यात आरोपी मी आहे.

पोरगी माघात गेली, निपाणीला, आपल्या घरात. मी तेराव्याला गेलो. भेटायला आलेल्या एका बाईनं अक्काजवळ वाकून हळूच विचारलं, “घराण्यात होतं का हो कुणाला?”

मी पाणी पीत होतो. भांडं तसंच हातात धरून थांबलो. सूनबाई पलीकडे तांदूळ निवडत होती. तिचा हातही थांबला.

“नशीब,” अक्का म्हणाली.

जनुकीय, आनुवंशिक, अन्यथासिद्ध यांतलं काहीच तिच्या तोंडी आलं नाही, आणि मला ते दुरुस्त करावंसं वाटलं नाही. कारण हे बोलताना तिनं सुनेकडे पाहिलं नव्हतं. नंतर मी अक्काजवळ बसलो आणि जूनमधल्या त्या संध्याकाळबद्दल पुन्हा बोललो. तो शब्द चुकला होता, एवढं सांगून या वेळी थांबलो नाही. बरोबर असता तरी तिच्याकडे बघायचं कारण नव्हतं, असं म्हणालो. अक्का बराच वेळ गप्प होती. मग तिनं सुनेला हाक मारून सांगितलं, “ये, बस हितं. जेवून घे आधी.”